बाबांनी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर, नवऱ्याला का सोडलं यावर बोलताना, मी एकदम गप्प झाले ना, म्हणून लिहितेय. बाबा तुम्ही विचारलंत, "पण तो मारत तर नव्हता ना?" नव्हता मारत. एकदाही नाही. आणि म्हणूनच मला स्वतःला पटायला 5 वर्षं लागली, कारण कुणाला दाखवायला काही नव्हतंच हो.

आई तुला आठवतंय, मी बोलता बोलता मध्येच "चल नंतर करते" म्हणून फोन ठेवायचे? तुला वाटायचं कामात असेल. काम कसलं, त्याची चावी दारात वाजायची. तुमच्याशी बोलताना दिसले की संध्याकाळभर तोंड वाकडं, मग दोन दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी अचानक इतका गोड वागायचा की मलाच वाटायचं आपणच उगाच बाऊ करतोय. तीनदा बॅग भरली आणि तीनदा परत गेले, हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची.

माझी कौन्सेलर आहे ना, तिने कबुतरांचं सांगितलं. स्किनर नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याच्या प्रयोगात चोच मारली की दाणा मिळायचा. दर वेळी मिळणारा दाणा बंद झाला की कबुतर लवकर नाद सोडतं, पण कधी मिळतो कधी नाही असं असेल तर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही ते बिचारं कितीतरी वेळ चोच मारतच राहतं. मी ऐकून हसले आणि मग घरी येऊन खूप रडले. म्हणजे मी मूर्ख नव्हते, मी तिसऱ्या दिवसाची वाट बघत होते.

आणि बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून हे. 2005 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात 42 नवरा-बायकोंच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणले आणि ते किती दिवसांत भरतात ते बघितलं. ज्या जोडप्यांचं आपसात बोलणं जास्त कडवट होतं त्यांच्या जखमा, कमी कडवट असलेल्यांच्या फक्त 60 टक्के वेगाने भरल्या. हात कुणीच उगारला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता कशी आहे विचाराल तर, झोप लागते. एवढंच लिहून थांबले तरी चालेल खरं तर, कारण पहाटे 3 ला जागं होऊन काल आपण काय चुकीचं बोललो याची उजळणी करायची सवयच लागली होती मला. मानेचं दुखणं गेलंय, कशाने ते विचारू नका, गेलंय. जुन्या मैत्रिणीला दोन वर्षांनी फोन केला, तिने आधी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग तासभर गप्पा. गंमत म्हणजे पडदे घ्यायला गेले तर दुकानात वीस मिनिटं नुसती उभी, कुठला रंग हवा तेच कळेना, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं ना. शेवटी पिवळे घेतले. जरा भडकच आहेत, पण राहू देत.

सगळंच छान आहे असं नाही हं, रविवार अजून खायला उठतो, आणि त्याची आठवणही येते, खोटं का बोलू. पण परत जावंसं वाटत नाही, हे नवीन आहे.

आई, तो तुला फोन करेल. रडेल, माफी मागेल, तू विरघळशील, मी ओळखते तुला. नको उचलूस. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला कशाचंच वाईट वाटणार नाही.

आणि आता संध्याकाळी कधीही फोन करा. फक्त स्पीकरवर टाकत जा, आई बोलते आणि बाबा मागून ओरडतात, त्यातलं मला एक अक्षर कळत नाही.

तुमचीच,
ताई (धाकट्याला हे वाचायला दिलंत तरी चालेल)