विषय : आवाज मागे, चित्र पुढे. पाचवी आणि शेवटची तक्रार

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, डोकं अजून गरम आहे, त्यामुळे नमस्कार वगैरे राहू दे.

मी बीएस्सीला लिनियर अल्जिब्रा शिकवते. तुमच्या स्क्रीन रेकॉर्डरवर पेन टॅबने लिहिते, बोलते, आणि तुमच्याच एडिटरमध्ये खोकले, खोडाखोड कापते. मॅट्रिक्सचं चाळीस मिनिटांचं लेक्चर. सुरुवात ठीक. अडतिसाव्या मिनिटाला मी म्हणतेय "इथे मायनस येईल, लक्ष द्या", आणि स्क्रीनवर पेन पुढच्या गणितावर! एका पोराने ग्रुपवर टाकलं, मॅडम व्हिडिओ आजचा आणि आवाज कालचा आहे का. हसले सगळे. मी पण हसले, काय करणार.

तुमचा रेकॉर्डर स्क्रीन हलत नसली की फ्रेम, म्हणजे चित्रं, कमी टाकतो आणि तुमचाच एडिटर मात्र सगळीकडे सेकंदाला ३० फ्रेम धरून चालतो. म्हणजे मी पेन थांबवून समजावून सांगते, नेमकं तिथेच थोड्या फ्रेम भरकन संपतात आणि चित्र पुढे पळतं. शिकवणं म्हणजे तेच असतं हो, थांबून सांगणं. तीच कच्ची फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये अगदी बरोबर चालते. हे मी चारही तक्रारींत लिहिलंय, वाचलं कोणी?

आता आजचा फोन. अर्धा तास होल्डवरची ती सनई ऐकली. मग एक दादा आले. रीस्टार्ट केलं का, केलं. अनइन्स्टॉल केलं का, दोनदा केलं. लॅपटॉप जुना आहे का, नाही. मग जरा थांबून म्हणतात, "मॅम, तुम्ही बोलायला स्लो आहात का? थोडं फास्ट बोललात तर व्हिडिओला मॅच होईल." मी म्हटलं, परत बोला. त्यांनी परत बोललं! वर सल्ला, "आजकाल चाळीस मिनिटं कोण बघतं मॅम, छोटे छोटे रील्स बनवा ना." बावीस वर्षं शिकवतेय, बोलण्याचा स्पीड आजवर कुणी काढला नव्हता, मुलांनीसुद्धा नाही. गाउसियन एलिमिनेशनसारख्या पायरी-पायरीच्या गणिताचं रील कसं करायचं तेवढं तुमच्या ट्रेनिंग टीमने करून दाखवावं, मी वर्गात लावते. मी सुपरवायझर द्या म्हटलं, तर "होल्ड करा" आणि कट.

मराठी कॅप्शनचं तर बोलायलाच नको. "निश्चयक" लिहिलं की एक्स्पोर्टमध्ये "नि"ची वेलांटी न सोडून शेजारच्या श च्या डोक्यावर. जाहिरातीत मात्र "सर्व भारतीय भाषा".

आणि एकदा रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली, त्या दिवशी बॅटरी पण नेमकी उतरलेली, अख्खी एमपी४ फाइल उघडेना, कारण फाइलमध्ये काय कुठे आहे हे सांगणारा इंडेक्स शेवटी लिहिला जातो. ओबीएस नावाचं फुकटचं रेकॉर्डर एमकेव्ही या फाइल प्रकारात रेकॉर्ड करू शकतं, बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं. तुम्ही वर्षाचे साडेअकरा हजार घेता आणि ते जमत नाही?

आवाजाचं शेवटी आमच्या लॅब असिस्टंटने सोडवलं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये फाइल टाकली, कॉन्स्टंट फ्रेमरेट, म्हणजे सगळीकडे सारख्या फ्रेम, निवडलं, झालं. तेही फुकट. पण प्रत्येक लेक्चर आधी तिथे शिजवायचं मग तुमच्याकडे वाढायचं, तर पैसे कशाचे?

खरं सांगू, वाईट वाटतं. लॉकडाउनमध्ये याच सॉफ्टवेअरवर मी अख्खं सेमिस्टर काढलं, डिपार्टमेंटमधल्या चौघांना मीच घ्यायला लावलं. आता ते माझ्याकडे बघतात.

उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करा. आठ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार आणि ग्राहक आयोगात जाणार, कच्ची फाइल आणि एक्स्पोर्ट शेजारी शेजारी लावून दाखवीन, वेळ घेऊन, सावकाश बोलून. ईमेलच करा, फोन नको. आणि ते "आमच्या सेवेला किती स्टार द्याल" आत्ता परत आलंय मोबाईलवर, ते आधी बंद करा.