ट्यूबखालून हाकललंत, त्याबद्दल

मामा, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "क्रेट उचल" म्हणता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. आपल्या गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

चौदा वर्षं मी पेपरात रातपाळी केली. आधी डाक आवृत्ती, मग शहर आवृत्ती, शेवटचं पान सोडेपर्यंत दीड-दोन वाजायचे. ऑफिसची गाडी मुलुंड, ठाणे करत सगळ्यात शेवटी मला डोंबिवलीत टाकायची, तेव्हा तुमच्याकडे दुधाचा टेम्पो उतरत असायचा. "झोपा, पेपरवाले," तुम्ही म्हणायचात. "उठा, मामा," मी म्हणायचो. चौदा वर्षांत आपलं बोलणं ते एवढंच.

फेब्रुवारीत मला रविवारच्या पुरवणीवर घेतलं. दहा ते सहा. घरात पेढे वाटले गेले. जो तो म्हणाला, "सुटलास बाबा!" मलाही तसंच वाटलं होतं. आज रातपाळी, उद्या दिवसपाळी, त्यात काय एवढं? माणूस सरकारी बदलीवर गाव बदलतो, मी तर फक्त घड्याळ बदलत होतो.

पहिल्याच रात्री अकराला आडवा झालो आणि दीडपर्यंत पंख्याकडे बघत राहिलो. दीडला अशी भूक लागली की फ्रीजसमोर उभ्यानं गार पोहे खाल्ले. त्या वेळेला कॅंटीनचा वडापाव खायची पोटाला चौदा वर्षांची सवय. डोळा लागायचा पाचला आणि सातला गजर. दुसऱ्या आठवड्यात कहर झाला. डोंबिवलीला फास्टमध्ये चढून बसायला मिळणं म्हणजे लॉटरी, ती नेमकी त्या दिवशी लागली. दादरला उतरायचं होतं. जाग आली ती सीएसएमटीला, आणि तीही एका आजींनी छत्रीनं ढोसल्यावर. मीटिंगमध्ये पेंगलो ते वेगळंच. घरी सांगायची सोय नव्हती. पेढे खाऊन झाले होते ना!

मग एके पहाटे चारला, झोप येतच नाही म्हणून, दूध आणायच्या निमित्तानं खाली आलो. तुम्ही पिशव्या मोजत होतात. मान वर न करता म्हणालात, "पाळी बदलली ना तुझी? मग इथं ट्यूबखाली कशाला उभा राहतोस? वर जा, दिवा लावू नको, मोबाइल बघू नको, नुसता पड."

खरं सांगू? राग आला होता. गिऱ्हाइकाला असं कोण हाकलतं?

दुपारी मुद्दाम भांडायला आलो, तेव्हा तुम्ही मुंबईतल्या तुमच्या कापड मिलचं सांगितलंत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होतात, कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी; बहुतेक तिसरी पाळी, म्हणजे रातपाळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले आणि तुम्ही घरी बसलात. रात्रभर टक्क जागे. आई म्हणायची, पोरगा काळजीनं झुरतोय. "काळजी होतीच रे," तुम्ही म्हणालात, "पण निम्मी ती तिसरी पाळीच होती. भोंगा बंद झाला तरी अंगातली पाळी चालूच होती." मग साताऱ्याकडे गावी गेलात. गुरं सोडायला उशीर होतो म्हणून चुलत्यांच्या शिव्या खाल्ल्यात, रोज थोडं लवकर उठत गेलात आणि महिनाभरात झोप रुळावर आली. संपावर इतकं छापून आलं, मीही त्यातलं थोडंफार संपादित केलंय, पण लाखो माणसांच्या झोपेचं पुढं काय झालं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तुमचा उपाय साधा होता. दहा दिवस रजा टाक. पहिले दोन दिवस साडेनऊला खाली ये, मग नऊला, मग साडेआठला. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. काम काय, तर फुटपाथवर उन्हात उभं राहून रिकामे क्रेट मोजायचे आणि वहीत लिहायचे. दुपारी झोपायचं नाही. आठच्या आत जेवण. संध्याकाळी चहा बंद. (हे मी पाळलं नाही, आज कबूल करतो. आणि तुमच्या जायफळ घातलेल्या दुधानं मला काडीचाही फरक पडला नाही, हेही.)

आठव्या दिवशी रात्री साडेदहाला जांभई आली. बायको दचकली.

पुढं आरोग्याच्या पानाचं काम करताना वाचलं, की शरीरातल्या घड्याळाचा उलगडा केल्याबद्दल २०१७ चं नोबेल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. माणसाचं ते घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढं ढकलणं सोपं आणि मागं ओढणं अवघड. उजेडाचं काम मात्र वेळेवर ठरतं. नेहमीच्या उठायच्या वेळेनंतर अंगावर घेतलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. माझ्यासारख्या पहाटे झोपणाऱ्याला चार वाजता मिळालेला उजेड ते आणखी पलीकडे ढकलतो. वाचता वाचता मला तुमची ट्यूब आठवली. तुम्ही हे सगळं गुरांमागं शिकलात.

आता सकाळी सातला पेपर हातात येतो आणि रातपाळीवाल्यांनी मथळ्यात केलेली शुद्धलेखनाची चूक सापडते. ऑफिसात गेल्यावर ती मी सांगतो आणि शिव्या खातो. रात्री दोनच्या त्या टेबलाची आठवण अजून येते, नाही असं नाही. माझ्या खुर्चीवर आता पंचविशीतला एक मुलगा बसतो. तोही डोंबिवलीचाच, पश्चिमेचा. त्याची पाळी बदलेल तेव्हा त्याला तुमच्याकडे पाठवीन. पूल ओलांडून यायचा कंटाळा करेल, पण येईल.

एक राहिलंच. त्या दहा दिवसांत रिकाम्या क्रेटचा हिशेब एकदाही जुळला नाही, रोज दोन-तीन कमी भरायचे आणि तुम्ही म्हणायचात, "उद्या परत ये, मोजू." परवा तुमच्या फ्रीजच्या मागं तीन क्रेट उपडे घातलेले दिसले. धूळ बघता फेब्रुवारीपासूनचे असावेत.

उद्या साडेसहाला येतो. वही काढून ठेवा.

तुमचा,
पेपरवाला