पोटाला उशी बांधलेला हवालदार

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला सिनेमा आणि समाजावरचा लेख काल दुपारी वाचला. सिनेमा म्हणजे समाजाचा आरसा, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. असेलही. पण ज्या आरशात मी छत्तीस वर्षं दिसत आलो, तो त्यांनी एकदा स्वतःच्या घरी टांगून बघावा, ही नम्र विनंती.

मी मुंबई पोलिसांत हवालदार होतो. आमच्या वेळी शिपायाचा हवालदार होण्यात अर्धी नोकरी जायची, तेव्हा कुठे बाहीवर तीन फिती चढायच्या. सिनेमावाल्यांना त्याचं काय! त्यांच्या लेखी खाकीत दिसेल तो हवालदार, आणि त्याचं काम एकच, सगळं उरकल्यावर धापा टाकत पोचायचं.

१९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला तेव्हा मी शाळेत होतो आणि पोट धरून हसलो होतो. दादांवर राग नाही. पण गंमत बघा. त्यातला पांडू वेंधळा असला तरी प्रामाणिक. पैसे खाणारा तो दुसरा, अशोक सराफांनी केलेला. मग मुंबईकरांनी आम्हाला चिडवायला नाव कुणाचं उचललं? प्रामाणिक माणसाचं! सिग्नल तोडून पळणारं कालचं पोरगंसुद्धा वळून 'ए पांडू' म्हणतं. त्याने तो सिनेमा पाहिलेलाही नसतो.

मुलगा पाचवीत असतानाची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात बाईंनी त्याला हवालदाराचं काम दिलं, कारण टोपी आणि पट्टा घरचाच मिळणार होता. मी नाइट करून तसाच वर्दीत जाऊन शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो. पोराच्या पोटाला उशी बांधलेली, गालात पानाचा तोबरा असल्यासारखं तोंड. चोर निघून गेल्यावर हा शिट्टी फुंकत आला आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांकडून पाच रुपयांची नोट घेऊन टोपीत घातली. हॉल नुसता हसत होता. आजूबाजूचे पालक वळून माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मीही हसलो. (माझं पोट तेव्हा सपाट होतं. आताचं विचारू नका.) बाईंना तरी काय बोलणार? पोलीस ठाण्याची पायरी त्या कधी चढल्या नसतील. हवालदार पाहिला तो पडद्यावरच. सोमवारी मुलाला आणायला गेलो तर चिरंजीव हळूच म्हणाले, "पप्पा, साध्या कपड्यांत येत जा ना." त्याची दहावी होईपर्यंत मी त्या फाटकाशी वर्दीत गेलो नाही. आमच्या सौ.ला हे आजही माहीत नाही, उद्या पेपरात वाचेल.

२००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेसाहेबांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यानंतर काही आठवडे आम्हाला कुणी पांडू म्हटलं नाही. उलट चहाचे पैसेही घेत नव्हते. पुढच्या गणपतीच्या बंदोबस्तापर्यंत सगळं पूर्ववत.

आता वर्दीवाला हिरो झालाय म्हणतात. झाला तो साहेब! गाड्या उडवणारा, मराठी आडनावाचा इन्स्पेक्टर. हवालदार त्याच्या मागे 'सर, सर' करत पळतो. अहो, १९८३ च्या 'अर्धसत्य'मधला वेलणकरसुद्धा फौजदारच होता. आणि या नव्या हिरोंचा ताप निस्तरायचा कुणी? मोबाइल चोरीची तक्रार द्यायला आलेली शिकलेली माणसं म्हणायची, "आमच्यासमोर दोन लावा त्याला." चोवीस तासांत कोर्टात उभा करावा लागतो म्हटलं की नाक मुरडायची. लेखकमहाशयांच्या आरशात हे बसतं का, पुढच्या रविवारी कळवावं.

जाता जाता तुमच्याबद्दलही. पूर्वी तुमच्या अंकात कोणत्या थिएटरला कोणता सिनेमा, खेळ किती वाजता, सगळं छापून यायचं. आता सिनेमावर पाऊण पान लेख असतो आणि खेळाच्या वेळेची एक ओळही नसते. गेल्या आठवड्यात मराठी सिनेमा बघायला आम्ही दोघं संध्याकाळी मल्टिप्लेक्सला गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काका, त्याचा एकच शो आहे, सकाळी सव्वादहाचा." दोन तिकिटं बसची, दोन चहा, आणि परत घरी.

नाव छापू नये.

– एक निवृत्त हवालदार, भांडुप