ग्वाल्हेर की इंदूर: आई-बाबांना पत्र

इंदूर,
फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर हा विषय निघाला की बाबा इतिहासात शिरतात, दादा जागेचे भाव सांगू लागतो आणि आई, तू नातीची परीक्षा कधी आहे असे विचारून बोलणे दुसरीकडे नेतेस. ग्वाल्हेरचे, दौलतगंजमधले घर विकून तुम्ही दोघांनी कायमचे इंदूरला यावे, आमच्या इमारतीतच एक फ्लॅट घ्यावा, असे दादाचे म्हणणे आहे. होळकरांच्या गावात जाऊन नव्याने बिऱ्हाड थाटण्याचे आपले वय राहिले नाही, असे बाबांचे म्हणणे आहे. मला या दोन्ही गोष्टी पूर्णपणे पटलेल्या नाहीत. लग्नापर्यंतचे आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि त्यानंतरचे सगळे इंदुरात गेल्यामुळे दोन्ही गावांची बाजू मांडण्याचा थोडा अधिकार मला असावा.

बाबा, शिंदे-होळकरांची चढाओढ तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपटीने जाणता. 1948 मध्ये मध्य भारत राज्य झाले तेव्हा जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, हिवाळ्याची राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्याची इंदूर, अशी वाटणी करावी लागली, यातच त्या चढाओढीचे सगळे सार आले. पुढे 1956 मध्ये राजधानीचा मान तिसऱ्याच गावाला, भोपाळला गेला. लोकसेवा आयोग इंदूरला आला, महालेखाकारांचे कार्यालय ग्वाल्हेरला राहिले आणि त्या एजी ऑफिसच्या पगारावर आपले घर चालले, आम्ही दोघे शिकलो. क्रिकेटमध्येसुद्धा हे वैर कसे बरोबरीत सुटले पाहा: एकदिवसीय सामन्यातले पुरुषांचे पहिले द्विशतक सचिनने 2010 मध्ये आपल्या रूपसिंह स्टेडियमवर केले आणि दुसरे सेहवागने पुढच्याच वर्षी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. जावई हा विषय काढतात तेव्हा सेहवागच्या धावा जास्त होत्या हे आवर्जून सांगतात. तुम्ही पहिले ते पहिलेच म्हणता. तो वाद तुम्ही दोघांनी खुशाल चालू ठेवावा. पण सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांनी कुठे राहावे, हे त्याने ठरत नाही. ते ठरवताना मी एवढेच पाहते, की दिवसभरातल्या किती गोष्टी तुम्हाला कोणालाही हाक न मारता करता येतील, आणि हाक मारायची वेळ आलीच तर कोण किती लवकर येईल.

पहिल्या गोष्टीत दौलतगंजला तोड नाही. महाराज बाड्याच्या चौकातले पोस्ट, बँक, सराफा, टोपी बाजार, भाजी, औषधाचे दुकान, आईची भजनी मंडळी, सगळे चालण्याच्या अंतरावर आहे. वाण्याला यादी द्यावी लागत नाही आणि औषधवाला बाबांची रक्तदाबाची गोळी संपत आल्याची आठवण स्वतःच करून देतो. आमचे इंदूरचे राजेंद्रनगर हा मराठी वस्तीचा भाग असला, खाली उतरताच कोणीतरी "काय काकू, कशा आहात" असे विचारणारे भेटेल हे खरे असले, तरी वसाहतीबाहेरच्या प्रत्येक कामाला गाडी लागते आणि ए. बी. रोड ओलांडणे मलाही सोपे वाटत नाही. या रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांसाठी खास मार्गिका बांधली आणि बारा वर्षे होत नाहीत तोच ती काढायलाही घेतली. मेट्रो गेल्या वर्षी सुरू झाली, पण ती विमानतळाच्या बाजूला, सुपर कॉरिडॉरवर. आपल्याला तिचा उपयोग नाही. 2011 च्या जनगणनेतच ग्वाल्हेर साडेदहा लाखांच्या वर होते तेव्हा इंदूर वीस लाखांच्या आसपास पोहोचले होते, आणि त्यानंतर गाव ज्या वेगाने चारी बाजूंना पसरले आहे ते पाहता इथे पाहुण्याला भेटायला जाणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे असा हिशेब झाला आहे.

स्वच्छतेबद्दल मात्र ग्वाल्हेरची बाजू घेणे मला जमणार नाही. 2017 पासून देशात पहिला क्रमांक, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. मी त्यातला रोजचा भाग सांगते. सकाळी कचऱ्याची गाडी ठरल्या वेळी येते, ओला, सुका, घातक असे वेगवेगळे डबे नसले तर गाडीवरचा माणूस कचरा घेत नाही, आणि नातसुद्धा बिस्किटाचा कागद खिशात ठेवून घरी आणते. रस्त्यावर मोकाट जनावरे जवळजवळ दिसत नाहीत. आई, गेल्या पावसाळ्यात गल्लीत गाईने तुला ढुशी दिली, मनगट सुजले आणि तू ते आम्हाला आठ दिवस कळू दिले नाहीस, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. तुझ्या वयाच्या बाईने खाली न पाहता चालावे, एवढी सोय इथल्या गल्ल्यांमध्ये आहे.

पाण्याचा मुद्दा बाबांनी दोनदा काढला आणि तो योग्यच होता. डिसेंबरच्या शेवटी भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळून साथ पसरली, माणसे दगावली, आणि पहिल्या क्रमांकाचे फलक लावलेल्या या गावाची मान खाली गेली. रस्ते झाडणे लोकांना दिसते. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या बदलणे कोणाला दिसत नाही आणि त्याला बक्षीसही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचा भाग त्यातून सुटला; तरीही तेव्हापासून आम्ही पिण्याचे पाणी उकळतो. बाकी इंदूरला पाणी येते तेही सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेचे, जलूदहून घाट चढवून, आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड. ग्वाल्हेरला पाणी देणारे तिघऱ्याचे धरण 1916 चे, त्याच्यावर किती पिढ्यांनी काढले! पण पाऊस कमी झाला की आपल्याकडेही एक दिवसाआडच येते, हे माझ्या लहानपणापासून चालत आले आहे. त्यामुळे पाण्यावरून कोणी कोणाला टोमणा मारू नये हे बरे.

हवेत मात्र फार फरक आहे आणि माझ्या दृष्टीने निर्णय इथेच फिरतो. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आणि किल्ल्याच्या दगडाखाली; इंदूर साडेपाचशे मीटरवर, माळव्याच्या पठारावर. मे महिन्यात दोन्हीकडे ऊन असते. पण आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, लूचा गरम वारा वाहतो आणि रात्रीसुद्धा भिंतींना हात लावता येत नाही. इंदूरला दुपार कशीबशी काढली की संध्याकाळी पठारावरचा वारा सुटतो आणि गच्चीवर बसता येते. शब-ए-माळवा म्हणून जिचे कौतुक झाले ती रात्र आता सिमेंटच्या इमारतींमुळे पूर्वीइतकी गार राहिलेली नाही, असे इथले जुने लोक म्हणतात. तरी ती लष्करच्या रात्रीपेक्षा पुष्कळ सुखाची आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात वीज गेली असताना बाबांना चक्कर आली आणि शेजारच्या काकांनी स्कूटरवर मध्ये बसवून त्यांना दवाखान्यात नेले. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही, परंतु तेही आता अडुसष्ट वर्षांचे आहेत.

आजारपणाचा विचार करताना बाबा जयारोग्य रुग्णालयाचे नाव घेतात, आणि 1899 पासून त्या रुग्णालयाने आसपासच्या किती जिल्ह्यांचा भार वाहिला हे मीही जाणते. दिल्ली गाडीने तीन-चार तासांवर आहे, हा तुमचा दुसरा आधार. पण दिल्लीला जाणाऱ्याबरोबर कोणीतरी जावे लागते, तिथे उतरायला जागा लागते, रांगेत उभे राहायला माणूस लागतो. दादा पुण्याहून आणि मी इंदूरहून निघेपर्यंत तो कोण असणार? इंदूरला एम. वाय. रुग्णालय आहे, खाजगी रुग्णालये तर भरपूर आहेत, आणि त्यांतल्या काहींची बिले पाहून रक्तदाब वाढावा अशी स्थितीही आहे. तरी डॉक्टरांपेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की इथे रात्री दोन वाजता कागदावर सही करायला आणि बाकावर बसून राहायला मी आहे.

मराठीपणाविषयी आईने विचारले होते. इंदूरला सानंद या मराठी संस्थेच्या सभासदांना दर महिन्याला पुण्या-मुंबईचे नाटक पाहायला मिळते आणि जागा मिळवण्यासाठी लोक खरोखर धडपडतात. ग्वाल्हेरात आपल्या लहानपणी असलेला मराठी राबता आता बराच ओसरला आहे, कारण आमच्यासारखी मुले गावाबाहेर पडली. गाण्याच्या बाबतीत मात्र बाबांपुढे मी हरले. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा आणि अमीर खाँसाहेब इथलेच, एवढे मी म्हणू शकते. पण ज्या गावाच्या नावाने घराणे चालते, जिथे भातखंड्यांनी 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभे केले, जिथे तानसेन समारोहाची सकाळ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि पैगंबरांच्या स्तुतीच्या मिलादने एकाच जागी सुरू होते, तिथून एका गाणे ऐकणाऱ्या माणसाला कायमचे उठवून आणणे मला बरे वाटत नाही.

म्हणून घर विकू नये, असे माझे मत आहे आणि ते मी दादालाही कळवले आहे. आज जे पैसे मिळतील त्यांत राजेंद्रनगरात दोन खोल्या येतील; पण त्या खोल्यांबरोबर औषधवाला, वाणी आणि भजनी मंडळ येणार नाही, आणि उद्या तुम्हाला इथे करमले नाही तर परत जायला जागा उरणार नाही. दादाला तुमची काळजी आहे, यात शंका नाही. मात्र पुण्यात बसून त्याला लष्करचे घर म्हणजे एक जुनी, डागडुजी मागणारी वास्तू एवढेच दिसते.

माझी विनंती अशी, की मध्य भारताने जी व्यवस्था केली तीच आपण करावी. पाडवा झाला की तुम्ही इंदूरला यावे आणि श्रावणापर्यंत आमच्याकडे राहावे. गणपतीला लष्करात परतावे आणि तानसेन समारोह आटोपेपर्यंत तिथे राहावे. त्यानंतरच्या जानेवारीतल्या धुक्याचे आणि दोन-तीन अंशांच्या थंडीचे काय करायचे, ते त्या वर्षी प्रकृती पाहून ठरवू. मुलीच्या घरी इतके महिने कसे राहायचे, हा बाबांचा न बोललेला प्रश्न आहे, हे मला ठाऊक आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे. जावयाला वाण द्यायला तुम्हाला यावे तर लागणारच आहे, आणि आईच्या हातच्या अनारशांची जावयांनी आत्तापासून चौकशी सुरू केली आहे. शिवाय तुम्ही काही आमच्या बैठकीत पाहुण्यांसारखे बसणार नाही. पूर्वेकडची खोली रिकामी केली आहे, न्हाणीघरात धरायला दांड्या लावून घेतल्या आहेत, इमारतीला लिफ्ट आहे, आणि घरखर्चात निवृत्तिवेतनातून काही द्यायचा बाबांनी हट्ट धरला तर मी तो मोडणार नाही. दौलतगंजच्या घराची किल्ली शेजारच्या काकांकडे द्यावी आणि दर पंधरा दिवसांनी खिडक्या उघडण्यासाठी कामवाल्या बाईंचा पगार चालू ठेवावा. तो मी देईन.

गुणा-शिवपुरीमार्गे येणाऱ्या रात्रीच्या गाडीची खालच्या बाकांची दोन तिकिटे मी काढू शकते, पण तारीख तुम्ही सांगायला हवी. येताना बाबांचे जुने ईसीजीचे कागद, दोघांची आधार कार्डे आणि निवृत्तिवेतनाचे पुस्तक हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या बॅगेत नको. तंबोरा गाडीतून आणू नये; तो तिथेच राहू द्या, इथे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. दादा रविवारी फोन करील तेव्हा घराच्या सौद्याला स्पष्ट नाही म्हणावे, आणि तसे सांगणे बाबांना जड जात असेल तर आई, तू सांग.

आपली मुलगी