विषय: क्लोरोब्युटानॉइक आम्लाच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आणि चुकीचे चलचित्र

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी मी भरलेली आहे. इंडक्टिव्ह इफेक्टच्या (एखादा अणू बंधांतून इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो त्या परिणामाच्या) सराव चाचणीत माझ्या एका विद्यार्थिनीने २-क्लोरोब्युटानॉइक आम्ल हे ४-क्लोरोब्युटानॉइक आम्लापेक्षा तीव्र आहे असे उत्तर दिले. ॲपने ते चूक ठरवले. मी कळवल्यावर तुमचे एका ओळीचे उत्तर आले: दोन्हींत एकच क्लोरीन आहे, म्हणून तीव्रता सारखीच.

हे साफ चूक आहे. क्लोरीन किती आहेत याइतकेच तो कुठे बसला आहे हेही पाहावे लागते. साध्या ब्युटानॉइक आम्लाचा पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) ४.८२ आहे. आम्लगटाचा कार्बन पहिला धरून क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर असला की तो २.८६ वर येतो, तिसऱ्यावर असला तर ४.०५ आणि चौथ्यावर ४.५२. पीकेए १ ने उतरला की आम्ल दहापट तीव्र होते. म्हणजे क्लोरीन जवळ असताना आम्ल मूळच्या सुमारे ९० पट तीव्र, आणि टोकाला असताना जेमतेम दुप्पट! सिग्मा बंधांतून (अणूंना जोडणाऱ्या एकेरी बंधांतून) पोचणारी क्लोरीनची ओढ दर कार्बनगणिक विरत जाते. कार्बोक्सिलेटवरचा (आम्लाने हायड्रोजन आयन सोडल्यावर उरणाऱ्या गटावरचा) ऋण भार विखरायला दूरचा क्लोरीन फारशी मदत करू शकत नाही. नेमके हेच समजलेल्या मुलीचे गुण तुम्ही कापलेत. ती दोन दिवस आपलेच बरोबर उत्तर खोडून पुन्हा लिहीत होती, याचे मला सर्वांत वाईट वाटले.

गोंधळाचे मूळ धड्यातल्या चलचित्रात आहे. त्यात इलेक्ट्रॉन कार्बनवरून उडी मारून क्लोरीनवर जातो, आणि मुलांना वाटते क्लोराइड आयन तयार झाला. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांची जोडी बंधातच राहते, क्लोरीनकडे फक्त झुकते. क्लोरीनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन ओढण्याची क्षमता) ३.१६, कार्बनची २.५५. म्हणून दोन्हींवर अंशतःच भार येतो आणि पुढच्या कार्बनवर त्याहून थोडा. एकदा पूर्ण उडी दाखवली की हा ‘त्याहून थोडा’ कुठून येतो, ते कुणालाच सांगता येणार नाही.

उत्तरसूची आणि चलचित्र दोन्ही दुरुस्त करा. ही चाचणी दिलेल्या सर्व विद्यार्थ्यांचे गुण पुन्हा मोजा आणि चूक आपली होती हे त्यांना ॲपवरच कळवा. तुमच्या विषयतज्ज्ञांकडून सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी.

आपली,
एक वर्गणीदार शिक्षिका