बाबा, त्या इंजेक्शनांचे पैसे भरू नका

ती. आई-बाबांना शि. सा. न.

आईने पाठवलेला त्या पत्रकाचा फोटो काल रात्रपाळीत पाहिला. 'वारेतल्या मूळपेशींनी कर्करोगावर मात', तीन इंजेक्शनं, साडेचार लाख रुपये. बाबा, तुमच्या लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, तुम्ही ठेव मोडून ती घ्यायचं म्हणताय, हेही आईने हळूच सांगितलं. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

नऊ वर्षं मी प्रसूतिकक्षात नर्स आहे. बाळ आलं की सगळे त्याच्याकडे धावतात, मी वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा तो अवयव, पडायची वाट बघत थांबते. पडली की ट्रेमध्ये पसरायची आणि कडेकडेने बोट फिरवून बघायचं, तुकडा आत राहिला नाही ना. असते अर्ध्या किलोची, भाकरीएवढी. बाळाकडची बाजू गुळगुळीत, नाळेपासून शिरा फांद्यांसारख्या पसरलेल्या. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत. आजीने माझी वार परसात फणसाखाली पुरली होती ना गं आई? आम्ही दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतो. दर वेळी जीव थोडा चुटपुटतो.

शास्त्रज्ञ या वारेच्या मागे लागले आहेत ते उगीच नाही. कर्करोगाच्या गाठीसारखीच ती गर्भाशयाच्या भिंतीत शिरते, आईच्या रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवून घेते, पण कुठे थांबायचं हे तिला कळतं. तिच्यात अर्धा वाटा बापाचा, म्हणजे परका; तरी आईचं शरीर तिला नऊ महिने सांभाळतं. म्हणून तिच्या पेशी दुसऱ्याच्या अंगातही कमी कुरबुर करतील अशी आशा आहे. तिच्यातल्या काही मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या, रक्तातून गाठीकडे ओढल्या जातात असंही दिसलंय, तेव्हा त्यांच्या पाठीवर औषध लादून पाठवावं, असा विचार. पण बाबा, प्रयोगशाळेत अशाच पेशींनी कधीकधी गाठ वाढायला मदतही केली आहे. त्या पत्रकात हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

आशा खोटी आहे असं मी म्हणत नाही. नाळेत आणि वारेत बाळंतपणानंतर उरलेल्या रक्ताने १९८८ मध्ये पॅरिसला पहिलं प्रत्यारोपण झालं, रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका मुलावर. पुढे ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातही ते होऊ लागलं. २०२० मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नाळेच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या मारक पेशी घेतल्या, त्यांच्यात जनुकं घालून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवलं आणि अकरा रुग्णांना दिल्या. काहींना तुमच्यासारखाच लिम्फोमा होता. आठ जणांना गुण आला, त्यातल्या सातांमध्ये आजार दिसेनासा झाला. हे वाचून मी किती वेळ नुसती बसून राहिले होते! पण ती अकराच माणसं, एका चाचणीतली, आणि काहींना नंतर पुढचे उपचारही द्यावे लागले. कुणी वारेच्या पेशी बाटलीत भरून आणल्या आणि टोचल्या, असं ते नव्हतं.

आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे: रक्ताच्या काही आजारांमध्ये होणारं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा बाकी सगळा वापर म्हणजे प्रयोग, तो मंजूर चाचणीतच करायचा. चाचणी खरी असेल तर सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. त्या पत्रकवाल्या माणसाला एवढंच विचारा, नोंदणी क्रमांक काय? मी विचारला, तर त्याने फोन ठेवला.

तुमच्या डॉक्टरांनी उद्या तुमच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण सुचवलं, तर ती गोष्ट वेगळी, त्यासाठी मी माझे दागिने विकीन. आर-चॉपनंतर, म्हणजे आता चालू असलेल्या केमोनंतर, आजार परत आलाच तर टाटा रुग्णालय आणि आयआयटी मुंबईने मिळून केलेली कार-टी ही पेशींची उपचारपद्धत आहे, २०२३ मध्ये मंजूर झालेली. तिच्यासाठी रोगाशी लढणाऱ्या पेशी रुग्णाच्याच रक्तातून घेतात. पण आधी केमोच्या सहा सायकल पूर्ण होऊ देत. तीन झाल्यात. तोंड आलंय, चव गेलीय, मला माहीत आहे.

आई, ताप शंभराच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच दवाखान्यात ने. मऊ भात आणि पातळ वरण चालेल, कच्ची कोशिंबीर सध्या नको.

चौथ्या सायकलसाठी मी रजा टाकली आहे. सोमवारी रात्रीच्या गाडीने निघते, मंगळवारी सकाळी बाबांना मीच घेऊन जाईन. ठेवीची पावती कपाटातच असू दे.

तुमची,
ताई