साखर विकत घेणाऱ्या मुलाला

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे साखरेच्या खरेदीचं काम आलं आणि कंपनीच्या भारतातल्या बिस्किट कारखान्यांना महाराष्ट्रातूनही साखर जाते, हे परवा फोनवर कळलं. हॅम्बुर्गला बसून तू पुरवठादार कारखान्यांचे फॉर्म तपासतोस. सक्तीची मजुरी नाही, बालमजुरी नाही, सगळीकडे 'नाही'वर खूण आहे, असं तू समाधानानं सांगितलंस. मी तेव्हा फार बोलले नाही. लिहून दिलेलं तुला पुन्हा वाचता येईल आणि हवं तर साहेबांपुढं ठेवता येईल, म्हणून हे पत्र.

त्या फॉर्मवर कारखान्यानं खोटं लिहिलंय असं माझं म्हणणं नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर बॉयलरवर काम करणारे असतात, शेतकी खात्यातले, तोडणीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय असतात. ऊस तोडणारा त्या पटावर नसतोच. तो टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा माणूस. मुकादमाचा व्यवहार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा करार कारखान्याशी, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. शेतकऱ्याला विचार, तो म्हणेल टोळी कारखान्यानं पाठवली. कारखाना म्हणेल, मजूर ठेकेदाराचे. ठेकेदार मुकादमाचं नाव सांगेल. मालक कोणीच नाही, म्हणून गुन्हाही कोणाचाच नाही, आणि तुझा फॉर्म स्वच्छ. इतक्या जणांनी मिळून उभी केलेली ही सोय आहे. मला तिचा राग येतो आणि तुलाही यावा असं वाटतं.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात मी आरोग्यसेविका होते, तेव्हा दिवाळी उलटली की गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहावं लागायचं. पानंच्या पानं. सातवा महिना लागलेली बाई, हिमोग्लोबिन आठच्या खाली, आणि ती ट्रॅक्टरवर बिऱ्हाड टाकून कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात निघालेली. तिला थांब म्हणायचं तर उचल कोण फेडणार? तू हे पाहत मोठा झालास. पण तुझ्या साहेबांना सांगताना सुरुवात उचलीपासूनच कर, कारण सगळं तिथं अडकलेलं आहे. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम नवरा-बायकोला मिळून आगाऊ रक्कम देतो. कुणाला पन्नास हजार, कुणाला लाखाच्या वर. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब त्याच मापानं. दोघं पहाटेपासून राबून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. त्याने तोडायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षी, त्याच मुकादमाकडं. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला. तो ज्या कर्जबाजारी मजुरीबद्दल बोलतो ती हीच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. तुझ्या फॉर्मवरच्या 'सक्तीची मजुरी' या चौकटीत हे बसवून दाखव.

आता गर्भपिशवीबद्दल. मुलाला आईनं हे लिहावं का, असा विचार मी केला नाही. तू खरेदी करतोस, तुला माहीत हवं. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीचं कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही. पाचटाच्या कोपीत संसार. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. बाई हंगामातून परत आली की खासगी दवाखान्यात जाते आणि तिथं तिला सांगतात, पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल, काढून टाक. औषधगोळ्यांनी बरं होणारं दुखणं असतं. ती कर्ज काढून पिशवी काढते, कारण पिशवी गेली की पाळी गेली आणि पाळी गेली की खाडा गेला. पंचविशी-तिशीच्या बाया, रे. ऑपरेशनच्या कर्जासाठी उचल आणखी वाढवून घेतात आणि अंगातली ताकद गेलेली असताना पुन्हा मोळी उचलतात. कंबर जाते, सांधे जातात, अंगाची आग होते. दोन-तीन वर्षांनी त्या माझ्याकडं यायच्या तेव्हा त्यांना द्यायला माझ्याजवळ कॅल्शियमच्या गोळ्यांशिवाय फारसं काही नसायचं.

हे एका उपकेंद्रातलं ऐकीव आहे असं कोणी म्हणालं तर आकडे ठेव. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. मार्च 2024 मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्रातल्या फडांवरची वेठबिगारी, बालविवाह आणि ही ऑपरेशनं थेट कोका-कोला आणि पेप्सी यांच्या साखरपुरवठ्याशी जोडून छापली. त्यामुळं हे ठाऊक नव्हतं असं आता कोणत्याच खरेदीदाराला म्हणता येणार नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण तू म्हणालास की जर्मनीचा 2023 पासून लागू झालेला पुरवठा साखळीचा कायदा थेट पुरवठादाराकडं बघायला लावतो, आणि त्याच्या पलीकडच्या माणसाकडं बघायचं ते ठोस माहिती हाती आली तरच. वरचा परिच्छेद ठोस माहिती आहे. तो फाइलला लाव. आणि तू पाठवलेली, कंपन्या आणि मानवी हक्कांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं, 2011 ची, तुझ्या ताईनं मला मराठीत समजावून सांगितली. जॉन रगी या प्राध्यापकांनी सहा वर्षं त्यावर घालवली. एकतीस तत्त्वांतलं तेरावं मी तिच्याकडून दोनदा ऐकलं: आपण स्वतः नुकसान केलं नसलं, पण व्यवहारातल्या नात्यामुळं ते आपल्या मालाशी जोडलेलं असलं, तरी ते रोखायचा प्रयत्न करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. तिथलं सरकार आपलं काम करत नसेल तरीही. मुकादमाच्या मागं लपायची वाट या एका वाक्यानं बंद होते.

प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नकोस. कराचीत बलदिया भागात 11 सप्टेंबर 2012 ला अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथला मोठा गिऱ्हाईक तुमच्याच जर्मनीतली 'किक' ही कंपनी. आग मुद्दाम लावली होती, असं पुढं तिथल्या न्यायालयानं ठरवलं. पण माणसं मेली ती खिडक्यांना गज आणि दारं बंद होती म्हणून. आणि आगीच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला 'एसए 8000' हे कामगारांच्या हक्कांचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं होतं. घरच्यांनी डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा लावला, तो 2019 मध्ये मुदत संपली म्हणून फेटाळला गेला. त्याआधी 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मध्यस्थीनं कंपनीनं पन्नास लाख डॉलरहून थोडे जास्त देणं मान्य केलं.

आता मला सगळ्यात जास्त भीती कशाची आहे ते सांगते. हे पत्र वाचून तुझे साहेब म्हणतील, महाराष्ट्राची साखर बंद करा, दुसरीकडून घ्या. कंपनीचं नाव वाचेल. आमच्या बायांचं काय होईल? त्यांची उचल तशीच राहील, गिऱ्हाईक मात्र असं येईल जे फॉर्मसुद्धा विचारत नाही. इतकी वर्षं स्वस्त साखर घेतल्यावर अंग झटकून निघून जाणं मला मान्य नाही. थांबा आणि पैसे मोजा.

ते होतं, असं जगात दिसलेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाला इमोकली म्हणून गाव आहे. तिथले टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीकडून आलेले. त्यांच्यातही मुकादम होते, कर्ज होतं, मारहाण होती. त्या मजुरांनी 1993 पासून संघटना बांधली आणि मळेवाल्यांशी भांडता भांडता लक्षात घेतलं की भाव पाडणारा खरा माणूस वर बसलाय, म्हणजे टोमॅटो घेणाऱ्या मोठ्या कंपन्या. मग त्यांनी त्या कंपन्यांनाच करारात बांधलं. टोमॅटोच्या पौंडामागं एक सेंट जादा, तो मजुराच्या पगारपत्रकात वेगळा दिसला पाहिजे. मजुरांना हक्क मजूरच समजावणार, तेही कामाच्या वेळात, पगार चालू ठेवून. तक्रारीचा फोन दिवसरात्र चालू. आणि मळ्यावर जबरदस्ती किंवा बाईशी वाईट वागणं सापडलं आणि मळेवाला सुधारला नाही, तर कंपनीनं त्याचा माल घ्यायचाच नाही. मॅकडोनाल्ड्स, वॉलमार्ट यांनी सह्या केल्या. तिथं बदल झाला तो सहीमुळं झाला, आणि सही झाली ती मजूर समोर बसले म्हणून.

आपल्याकडं असं करायचं तर जागा आहे. ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली ती त्यांनी कोयता बंद ठेवायची तयारी दाखवली म्हणून. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यानं टनामागं दहा रुपये आणि सरकारनं तेवढेच घालायचं ठरलेलं आहे. तू ज्या कारखान्याकडून घेतोस त्यानं हे पैसे भरले का, ही पावती माग. फडावरच्या टोळ्यांची नावनिशी यादी माग, बायकांची नावं वेगळी लिहिलेली, कारण कोयत्याच्या हिशेबात बाईचं नाव आणि तिची मजुरी दोन्ही नवऱ्याच्या नावाखाली जातात. उचलीचा कागद माग. खाडा बंद, फडावर पाणी आणि संडास, गरोदर बाईला मजुरीसह सुट्टी, हे करारात घाल आणि त्याचा खर्च तुमच्या भावात धर. कारखान्यानं पदरचं करावं असं म्हणून चालणार नाही, तो ते पैसे पुन्हा शेतकऱ्याच्या बिलातून काढील. ज्यांची पिशवी आधीच गेली आहे त्यांच्या तपासणीचं आणि औषधाचंही कोणीतरी बघायला हवं. त्या बाया मला आजही बाजारात भेटतात, मी नावानिशी यादी करून देईन.

एक गोष्ट मात्र वेळेची आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, पण उचल त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच वाटली जाते. एकदा ती घेतली की बाईच्या हातात काही राहत नाही. तुमचा खरेदीचा करार दिवाळीच्या सुमारास होतो म्हणालास. तो या वर्षी जूनच्या आत करता येईल का, हे साहेबांना विचार आणि मला कळव. आणि मेमध्ये येशील तेव्हा कारखान्याच्या गेस्ट हाउसला उतरू नकोस, घरी ये. आपण वस्तीवर जाऊ, बायांना तुझ्यासमोर बसवते. त्यांना काय विचारायचं ते तूच विचार.

तुझी,
आई